मेंदूतली शिवण : सेरोटोनिन, धीर आणि उमेद

'मेंदूतले एक केमिकल कमी झाले आहे, गोळी घेतली की भरून निघेल.' हे वाक्य आपण कोणाच्या ना कोणाच्या तोंडून ऐकले असेलच. घरात एखाद्याचे मन कशातच लागेनासे होते, झोप उडते, अन्नावरची वासना जाते. दवाखान्यातून परतल्यावर नातेवाइकांना सांगायला हे वाक्य सोयीचे पडते. त्यात कोणाचा दोष निघत नाही आणि पुढचे प्रश्नही टळतात. त्या केमिकलचे नाव सेरोटोनिन. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांनी त्याला 'आनंदाचे रसायन' अशी पदवीही देऊन टाकली आहे.

हे वाक्य सर्वस्वी खोटे नाही, पण वाटते तितके खरेही नाही. हा फरक केवळ तज्ज्ञांच्या वादाचा नाही. 'केमिकल कमी आहे' एवढेच धरून बसणारे घर गोळ्या आणून देते आणि बाकी काहीही बदलत नाही. 'ते केमिकलचे सगळे थोतांड निघाले' असे कुठेतरी वाचलेले घर चालू असलेली गोळी एका दिवसात बंद करते. दोन्हीकडे भोगावे लागते ते आजारी माणसाला. म्हणून या लेखात तीन प्रश्न घेऊ : सेरोटोनिनचा शोध कसा लागत गेला, मेंदूत ते नेमके काय करते, आणि त्यातून आपल्या घरांनी काय घ्यावे.

रक्तातून मेंदूकडे

सेरोटोनिन प्रथम सापडले ते मेंदूत नव्हे. १९३०च्या दशकात इटलीमध्ये व्हित्तोरियो एर्स्पामर यांना आतड्याच्या अस्तरातील विशिष्ट पेशींमध्ये एक पदार्थ आढळला. त्याने आतड्याचे स्नायू आकुंचन पावत. त्यांनी त्याचे नाव 'एंटेरामीन' ठेवले. पुढे १९४८ साली अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मॉरिस रॅपपोर्ट, आर्डा ग्रीन आणि आयर्विन पेज हे रक्तदाबावर संशोधन करीत होते. रक्त गोठल्यावर जो पिवळसर द्रव उरतो, त्या सीरममधला कोणता तरी घटक रक्तवाहिन्या आवळीत होता आणि त्यांच्या प्रयोगांत अडथळा आणीत होता. तो वेगळा काढला गेला. सीरममधला आणि ताण, म्हणजे 'टोन', वाढवणारा, म्हणून सेरोटोनिन. हा पदार्थ आणि इटलीतले एंटेरामीन एकच, हे नंतर सिद्ध झाले.

आजही शरीरातल्या एकूण सेरोटोनिनपैकी सुमारे ९० टक्क्यांहून अधिक आतड्यात असते. रक्तातल्या प्लेटलेट्स ते तिथून उचलून साठवतात. मेंदूच्या वाट्याला त्याचा अगदी लहान अंश येतो, आणि तोही मेंदूला स्वतःच तयार करावा लागतो. कारण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जी गाळणी असते, ती ओलांडून सेरोटोनिन आत जात नाही. केळ्यात सेरोटोनिन असते हे खरे, पण केळे खाल्ल्याने ते मेंदूत पोचते हे खरे नाही. गाळणीतून आत जाते ते ट्रिप्टोफॅन नावाचे अमिनो आम्ल. दूध, डाळी, दाणे, तीळ, अंडी अशा प्रथिनयुक्त अन्नातून ते मिळते. पण आत शिरण्यासाठी त्याला इतर अमिनो आम्लांशी स्पर्धा करावी लागते. त्यामुळे रोजच्या चौरस आहाराने मेंदूला कच्चा माल मिळत राहतो, एवढेच म्हणता येते. अमुक पदार्थ खा आणि मन प्रसन्न करा, हा हिशेब जुळत नाही.

मेंदूत सेरोटोनिन असते हे दाखवण्याचा मान बेट्टी ट्वॅरॉग या तरुण संशोधिकेचा. शिंपल्यातल्या जीवाचे स्नायू कोणत्या रसायनाने सैल पडतात याचा शोध घेताना ती सेरोटोनिनपर्यंत आली. जे शिंपल्याच्या चेतासंस्थेत आहे ते सस्तन प्राण्यांच्या मेंदूत का नसावे, असा तिचा सरळ प्रश्न होता. १९५३ साली तिने पेज यांच्यासह ते मेंदूत असल्याचे प्रसिद्ध केले.

सर्पगंधेची कथा

यानंतरच्या कथेत आपल्या देशाचा मोठा वाटा आहे. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. बिहारकडे तर ती वेडावरचे औषध म्हणूनच ओळखली जाई. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उच्च रक्तदाब आणि मनोविकार या दोहोंवर तिचा उपयोग होतो असे लिहिले. १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचे अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडले आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. या कामासाठी १९५७ साली त्यांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. मधल्या काळात, १९५२ साली, स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतला मुख्य घटक वेगळा केला होता. तो रेसर्पिन.

१९५५ साली अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत दिसले, की रेसर्पिन दिल्यावर प्राण्यांच्या मेंदूतले सेरोटोनिनचे साठे रिते होतात. रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणारे काही रुग्ण खिन्न होतात, अशी निरीक्षणेही त्याच सुमारास येत होती. दुसरीकडे न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील क्षयरोग रुग्णालयात इप्रोनियाझिड नावाचे औषध घेणारे रुग्ण अनपेक्षितपणे उल्हसित झाले होते. ते औषध सेरोटोनिन आणि त्याच्या भाईबंद रसायनांचे विघटन थांबवते, असे आढळले. साठा रिकामा झाला की खिन्नता, साठा वाढला की उल्हास : समीकरण तयार झाले. १९६७ साली ब्रिटनमध्ये अ‍ॅलेक कोपेन यांनी नैराश्यात सेरोटोनिनचा मोठा वाटा असावा अशी मांडणी केली. डिसेंबर १९८७मध्ये अमेरिकेत फ्लुओक्सेटिन या गोळीला परवानगी मिळाली आणि ते समीकरण घरोघरी पोचले.

पण समीकरणाला सुरुवातीपासूनच तडे होते. रेसर्पिन केवळ सेरोटोनिनचे नव्हे, तर डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिनचेही साठे रिकामे करते. ज्या १९५५ साली ब्रॉडींचे निरीक्षण आले, त्याच वर्षी डेव्हिस आणि शेफर्ड या ब्रिटिश डॉक्टरांनी चिंता आणि खिन्नता असलेल्या रुग्णांना रेसर्पिन दिले, तर त्यांना उलट बरे वाटले. रेसर्पिनमुळे येणाऱ्या खिन्नतेची पुढे फेरतपासणी झाली तेव्हा तो संबंध सुरुवातीला वाटला तितका सरळ निघाला नाही.

२०२२ साली ब्रिटनमधल्या जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. सेरोटोनिन कमी झाल्यामुळे नैराश्य येते याला सुसंगत पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. जगभर त्याच्या बातम्या झाल्या आणि अनेकांनी त्यातून निष्कर्ष काढला, की मग गोळ्याही निरुपयोगी. इथे थोडे थांबावे लागेल. गुडघा दुखतो तेव्हा काठी टेकल्याने चालता येते. म्हणून पायात लाकूड कमी पडले होते असे कोणी म्हणत नाही, आणि लाकूड कमी नव्हते म्हणून काठी फेकूनही देत नाही. आजाराचे कारण आणि औषधाचा उपयोग हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर २०१८ साली आंद्रेआ चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये दिले. त्यांनी ५२२ चाचण्या आणि एक लाख सोळा हजारांवर रुग्ण एकत्र अभ्यासले. तपासलेली सर्व २१ औषधे बनावट गोळीपेक्षा सरस ठरली. सरासरी फरक बेताचा होता. काहींना खूप उपयोग होतो, काहींना थोडा, काहींना नाहीच. म्हणजे औषधाला सेरोटोनिनच्या यंत्रणेत हात घालून काहीतरी साधता येते. मग ती यंत्रणा आहे तरी कशी?

शिवणीवरच्या पेशी

१९६४ साली स्वीडनमध्ये अन्निका डाल्स्ट्रोम आणि शेल फुक्से यांनी उंदराच्या मेंदूचे पातळ काप फॉर्माल्डिहाइडच्या वाफेत धरले. या प्रक्रियेने सेरोटोनिन असलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पिवळ्या चमकतात. त्या पेशी मेंदूभर पसरलेल्या नव्हत्या. मेंदूच्या देठात, डावा आणि उजवा भाग जिथे जोडला जातो त्या मध्यरेषेवर, त्यांचे लहान लहान पुंजके होते. या जागेला शरीररचनाशास्त्रात 'राफे' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ शिवण.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यांपैकी सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी जेमतेम काही लाख. पण त्यांचे धागे वर थेट कपाळामागच्या भागापर्यंत आणि खाली पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत जातात. भीतीची दखल घेणारा अमिग्डला, स्मृती घडवणारा हिप्पोकॅम्पस, भूक आणि झोप सांभाळणारा हायपोथॅलॅमस, सगळीकडे या शिवणीचा दोरा पोचलेला असतो.

जागेपणी या पेशी संथ लयीत, सेकंदाला एक-दोन ठोके अशा बेताने काम करतात. डुलकी लागली की लय मंदावते, आणि स्वप्नांच्या झोपेत त्या जवळजवळ मुक्या होतात. सेरोटोनिनचा संबंध मनाइतकाच झोपेशी, भुकेशी आणि वेदनेशीही का येतो, हे यावरून कळावे. नैराश्य आलेल्या माणसाची झोप आणि भूक आधी बिघडते, त्यात त्याचे ढोंग नसते.

आता महत्त्वाचा मुद्दा. सेरोटोनिन हे एक रसायन असले तरी त्याचा निरोप एकच नसतो. ते ज्या पेशीवर पोचते तिथे त्याला झेलणारे 'ग्राहक' असतात. असे चौदा प्रकारचे ग्राहक आतापर्यंत ओळखले गेले आहेत. काही पेशीला शांत करतात, काही उत्तेजित करतात. एकच पोस्टमन गावभर पत्रे वाटतो, पण एका घरी लग्नपत्रिका असते आणि दुसऱ्या घरी कोर्टाची नोटीस. पोस्टमन आनंदाचा की दुःखाचा, या प्रश्नाला उत्तर नाही.

याचा प्रत्यय देणारा प्रयोग २०१८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लिकुन लुओ यांच्या प्रयोगशाळेने प्रसिद्ध केला. उंदराच्या मेंदूतल्या एकाच राफे-पुंजक्यात त्यांना दोन वेगळ्या फळ्या सापडल्या. एकीचे धागे कपाळामागच्या भागाकडे जातात, दुसरीचे अमिग्डलाकडे. गोड काही मिळाले की दोन्ही फळ्या जाग्या होत. पण त्रासदायक काही घडले की एक शांत होई आणि दुसरी पेट घेई. पहिली फळी उंदराला अडचणीत हातपाय मारत राहायला मदत करी, दुसरी त्याची धास्ती वाढवी. रसायन एकच, शिवण एकच, पण एका वाटेवर धीर आणि दुसऱ्या वाटेवर धास्ती. 'सेरोटोनिन वाढवा' या सल्ल्याला म्हणूनच फारसा अर्थ नाही. कोणत्या वाटेवर, कधी आणि किती, हे विचारायला हवे.

टोळ आणि सबुरी

वागणुकीवर या रसायनाचा पगडा किती असू शकतो हे टोळांकडे पाहून समजते. २०२० सालच्या उन्हाळ्यात राजस्थानातून माळव्यात आणि पुढे विदर्भापर्यंत टोळधाड आली होती, ती आपल्याला आठवत असेल. हाच वाळवंटी टोळ एरवी एकटा राहणारा, दुसऱ्या टोळाला टाळणारा भित्रा कीटक असतो. अन्न आटले की सगळे एकाच हिरव्या तुकड्यावर गोळा होतात, एकमेकांच्या मागच्या पायांना धक्के लागत राहतात, आणि दोनेक तासांत त्यांचा स्वभाव पालटतो. ते एकमेकांकडे ओढले जाऊ लागतात. २००९ साली ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या संशोधकांनी 'सायन्स'मध्ये दाखवले, की हा पालट घडवते ते टोळाच्या चेतासंस्थेत वाढलेले सेरोटोनिन. ते अडवले तर गर्दीतही टोळ एकलकोंडाच राहतो. यात आनंदाचा काही प्रश्न नाही. परिस्थिती बदलली, आता वागण्याची रीत बदला, असा तो निरोप आहे.

उंदरांमध्ये हा निरोप आणखी सूक्ष्म होतो. जपानमध्ये ओकिनावा येथे केन्जी दोया यांच्या गटाने उंदरांना खाऊसाठी थांबायला शिकवले. भोकात नाक घालून उंदीर जितका वेळ थांबेल तितकी खाऊ मिळण्याची शक्यता. प्रकाशाच्या झोताने राफेमधल्या सेरोटोनिन-पेशी जाग्या केल्या की उंदीर अधिक काळ थांबत. २०१४ साली हे प्रसिद्ध झाले. पुढे २०१८ साली त्यांनी एक बारकावा दाखवला. खाऊ मिळण्याची शक्यता ७५ टक्के असली तरच ही सबुरी वाढे. शक्यता निम्मी किंवा त्याहून कमी असली तर त्याच पेशी जाग्या करूनही उंदीर जास्त थांबत नसत. सेरोटोनिनने सबुरी वाढली, पण मुळात मिळण्याची आशा असेल तरच.

हातपाय गाळणे

आता ताणाकडे वळू. या विषयातला माझ्या मते सर्वांत विचार करायला लावणारा शोध इथे आहे.

मराठीत आपण म्हणतो, 'त्याने हातपाय गाळले.' १९६७ साली अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून हीच अवस्था मांडली. ज्यांना विजेचे धक्के टाळता येत नव्हते, ती कुत्री पुढे सुटका शक्य असतानाही पडून राहत. त्यांनी याला 'शिकलेली असहायता' म्हटले. पुढे मायर यांनी कोलोरॅडो विद्यापीठात उंदरांवर हे काम चालू ठेवले. दोन उंदरांना अगदी सारखेच, त्याच क्षणी आणि तितकाच वेळ धक्के बसत. फरक एवढाच, की पहिल्याने समोरचे चाक फिरवले की दोघांचाही धक्का थांबे. दुसऱ्याचे चाक नुसते शोभेचे. दोघांनी सोसलेले दुःख मापाने समान होते. तरी दुसऱ्या दिवशी पहिला उंदीर बराचसा नेहमीसारखा वागे, आणि दुसरा सुटकेचा मार्ग दिसत असूनही निघत नसे, घाबरून राही, सोबत्यांना टाळी.

फरक कुठे पडला? ज्याच्या हाती काहीच नव्हते त्याच्या राफेमध्ये सेरोटोनिन-पेशी अतिशय खवळलेल्या होत्या आणि नंतर काही दिवस अगदी लहान धक्क्यानेही खवळत. लक्षात घ्या, इथे सेरोटोनिन कमी नव्हते, जास्त सुटत होते. मग चाक फिरवू शकणाऱ्या उंदराच्या पेशी शांत कशा राहिल्या? २००५ साली मायर आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिले. परिस्थितीवर आपला काही ताबा आहे, हे कपाळामागच्या भागाला कळते, आणि तो भाग राफेला आवर घालतो. औषधाने तो भाग तात्पुरता बंद ठेवला, तर चाक हाती असूनही उंदीर असहाय झाल्यासारखे वागत. पुढे असेही दिसले, की ज्या उंदराला आधी एकदा ताबा असल्याचा अनुभव मिळाला होता, तो नंतरच्या ताबा नसलेल्या संकटातही फार कोलमडत नसे.

२०१६ साली, पन्नास वर्षांचा आढावा घेताना, मायर आणि सेलिगमन यांनी आपलाच मूळ सिद्धान्त उलटा केला. असहायता शिकावी लागत नाही, असे त्यांनी लिहिले. दीर्घ संकटात गळून जाणे ही मेंदूची मूळची प्रतिक्रिया आहे. शिकावे लागते ते याच्या उलट : आपल्या करण्याने काही बदलते, हे. 'धीर धर' हा उपदेश म्हणून अपुरा पडतो, तो यामुळे. धीर सांगून येत नाही. हाताशी एखादे खरोखर चालणारे चाक असावे लागते.

बालपणाचा ताण या यंत्रणेवर खोल खूण करतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांच्या प्रयोगशाळेत यावर दीर्घकाळ काम झाले आहे आणि २०२२ साली त्यांना इन्फोसिस पुरस्कारही मिळाला. उंदरांची पिल्ले जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत रोज काही तास आईपासून दूर ठेवली, तर ती मोठेपणी अधिक भित्री होतात. पण त्याच दिवसांत सेरोटोनिनचा एक विशिष्ट ग्राहक औषधाने बंद ठेवला, तर मोठेपणीचा तो भित्रेपणा उद्भवत नाही, असे या गटाने २०११ साली दाखवले. 'लहान आहे, त्याला काय कळते?' हे आपले नेहमीचे वाक्य या प्रकाशात पुन्हा तपासायला हवे.

हे सारे प्रयोग उंदरांवरचे आहेत आणि माणसाचे मन म्हणजे उंदराचे मन नव्हे, हे सांगायलाच हवे. तरी माणसांतही एक दुवा आहे. १९७६ साली अमेरिकेत एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी एका वृद्धाश्रमात पाहिले, की ज्या वृद्धांना खोलीची मांडणी, करमणुकीची वेळ अशा लहान गोष्टी ठरवू दिल्या आणि एक रोप स्वतः सांभाळायला दिले, ते इतरांपेक्षा अधिक उत्साही झाले. तिथे सेरोटोनिन कोणी मोजले नव्हते. पण दिशा तीच आहे.

गोळी काय करते

आता गोळीकडे परत येऊ. आज बहुधा दिली जाणारी औषधे, म्हणजे फ्लुओक्सेटिन, सरट्रालिन, एस्सिटॅलोप्राम आणि त्यांचे नातलग, एकच काम करतात. दोन पेशींमधल्या फटीत सुटलेले सेरोटोनिन परत आत खेचणारा पंप ती अडवतात. त्यामुळे ते फटीत जास्त वेळ राहते. हा परिणाम काही तासांत होतो. मन मात्र सावरायला दोन ते सहा आठवडे घेते. कमतरता भरून काढण्याचाच प्रश्न असता तर एवढा उशीर का लागावा?

एक कारण असे, की राफेमधल्या पेशींवरच सेरोटोनिनचे ग्राहक बसलेले असतात. ते बाहेर सेरोटोनिन वाढलेले दिसताच पेशीला हात आखडता घ्यायला लावतात. काही आठवड्यांनी ते सरावतात आणि ही पकड सैल होते. त्याच काळात पेशींमधल्या जोडण्या हळूहळू बदलतात आणि काही वाढ-घटकांचे प्रमाण वाढते. म्हणजे गोळी आनंद ओतत नाही. ती मेंदूला नवे वळण घ्यायला वाव देते. ते वळण कोणते असेल हे त्या आठवड्यांत माणूस कशात जगतो यावरही अवलंबून असावे, असे आज अनेक संशोधकांना वाटते. म्हणून गोळीबरोबर बोलण्याचा उपचार, चालणे, झोपेची शिस्त आणि घरातला बदल यांना दुय्यम समजू नये.

व्यवहाराच्या चार गोष्टी इथेच सांगून टाकतो. पहिल्या दोन आठवड्यांत काही वाटले नाही म्हणून औषध सोडू नये. बरे वाटले म्हणून ते एकदम बंद करू नये. तसे केल्यास चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके, निद्रानाश, चिडचिड असे त्रास होतात, आणि घरचे समजतात की आजार उलटला. डॉक्टर मात्रा पायऱ्यापायऱ्यांनी उतरवतात. तिसरे, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके किंवा दुसरी मानसोपचाराची औषधे चालू असतील तर ती न विसरता सांगावीत, कारण एकत्र आल्यावर सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकते. चौथे, पंचविशीच्या आतल्या रुग्णाला औषध सुरू केल्यावर पहिले काही आठवडे जास्त जवळून सांभाळावे. या वयात काहींच्या मनात आत्महत्येचे विचार वाढू शकतात.

आपल्या घरांपुरते

इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद किंवा पणजी, आपण जिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलो तिथे आपली एक खास अडचण आहे. आपले मन मराठीत दुखते आणि डॉक्टरांशी बोलणे हिंदीत, गुजरातीत, कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत होते. आजी म्हणते, 'जिवाला चैन नाही, घाबरं घाबरं होतं.' काका म्हणतात, 'उमेदच राहिली नाही.' सूनबाई म्हणते, 'कशात जीव रमत नाही.' तिघांचे तिथे गेल्यावर एकच भाषांतर होते : टेन्शन. खरे तर घाबरे होणे, उमेद जाणे आणि जीव न रमणे या तीन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि डॉक्टरांना उपचार ठरवताना तो वेगळेपणा उपयोगी पडतो. मेंदूतही धास्तीची वाट आणि धीराची वाट एक नाही, हे आपण वर पाहिलेच. तेव्हा सोबत जाणाऱ्याने मूळ शब्द सांगावा आणि मग त्याचा अर्थ फोडून सांगावा : पहाटे किती वाजता जाग येते, पूर्वी आवडणारे काय सुटले, भीती कशाची वाटते, जगणे नको असे मनात येते का. हा शेवटचा प्रश्न विचारल्याने कोणाच्या डोक्यात ती कल्पना शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

दुसरी गोष्ट चाकाची. आजारी किंवा वयस्क माणसाच्या बाबतीत आपल्या घरांत प्रेमापोटी सारे काढून घेतले जाते. 'तुम्ही स्वस्थ बसा, आम्ही बघतो.' स्वयंपाकघर सुटते, बँकेचे पासबुक सुटते, भाजी कोणती आणायची हेही कोणी विचारीत नाही. सेवा होते, पण हाती काही उरत नाही. एक कुंडी, दुधाचा हिशेब, नातवाची पाटी, देवघरातली फुले, संध्याकाळच्या फेरीची वाट कोणती हे ठरवणे, अशी लहानशी पण खरी जबाबदारी त्यांच्याकडे राहू द्यावी. ती नीट जमली नाही तरी आपण मागून दुरुस्त करू नये. नैराश्यातल्या माणसाला मोठे काम देऊन 'आता जरा उठ' म्हणणे मात्र वेगळे. न जमणाऱ्या कामातून असहायताच वाढते. काम इतके लहान असावे की ते पुरे झालेले त्याला दिसेल.

तिसरी गोष्ट लाजेची. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशातल्या वीस प्रौढांपैकी साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याचा आजार झालेला असतो, आणि बहुसंख्यांपर्यंत उपचार पोचतच नाही. आपल्या मंडळाच्या सभागृहात शंभर लोक बसले तर त्यात अशी चार-पाच माणसे असणार, हा साधा हिशेब आहे. जवळ तज्ज्ञ नसेल किंवा कुठे जावे हे कळत नसेल, तर केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र उघडा असतो. तिथे आपल्या भाषांतून बोलता येते. हा क्रमांक घरातल्या फोनजवळ लिहून ठेवा.